खंडे हलविणारा हवामानशास्त्रज्ञ

भूगोलाच्या प्रात्यक्षिकाच्या तासाला प्रथम वर्षाच्या मुलांकडून मी एक काम नेमाने करून घेत असे. जगाच्या नकाशावर ट्रेसिंग पेपर ठेवायचा, दक्षिण अमेरिका आणि आफ्रिका गिरवून घ्यायची, कात्रीने कापायची आणि दोन्ही तुकडे एकमेकांना भिडवून पाहायचे. ब्राझीलचा पुढे आलेला खांदा गिनीच्या आखातात नीट जाऊन बसला की वर्गात हमखास कुजबुज सुरू होई. मग मी फळ्यावर आल्फ्रेड वेगनर हे नाव लिही, त्याखाली खंडवहन सिद्धांत असे लिही, परीक्षेपुरती टीप सांगे आणि तास संपे.

त्या माणसाचे आयुष्य कसे होते हे मी वर्गात कधीच सांगितले नाही, कारण ते अभ्यासक्रमात नव्हते. निवृत्तीनंतर सवड मिळाली तेव्हा ते सावकाश वाचले. तेच येथे सांगणार आहे. आणि १९९३ साली या सिद्धांताने माझ्याकडून जो हिशेब मागितला, तोही शेवटी सांगावा लागेल. तो टाळून हा लेख लिहिला तर तो प्रामाणिक होणार नाही.

आल्फ्रेड वेगनरचा जन्म १ नोव्हेंबर १८८० रोजी बर्लिन येथे झाला. वडील धर्मोपदेशक आणि प्राचीन भाषांचे शिक्षक होते; एक अनाथालयही ते चालवीत. पाच भावंडांत आल्फ्रेड सर्वांत धाकटा. थोरला भाऊ कुर्ट आणि तो, दोघांनाही पुस्तकापेक्षा मोकळ्या हवेची ओढ अधिक. आल्फ्रेडने बर्लिन, हायडेलबर्ग आणि इन्सब्रुक येथे शिक्षण घेतले आणि १९०५ साली खगोलशास्त्रात डॉक्टरेट मिळविली. पण दुर्बिणीजवळ बसून राहणे त्याच्या प्रकृतीला मानवणारे नव्हते. लवकरच तो हवामानशास्त्राकडे वळला आणि लिंडेनबर्गच्या वेधशाळेत भावाबरोबर काम करू लागला. पतंग आणि फुगे आकाशात सोडून वरच्या हवेचे तापमान व दाब मोजायचा, हे तेथील काम. एप्रिल १९०६ मध्ये हे दोघे भाऊ फुग्यातून बावन्न तासांहून अधिक काळ सलग हवेत राहिले. तो त्या काळचा जागतिक विक्रम होता.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. ज्याने पुढे भूगर्भशास्त्र मुळापासून हलविले, तो भूगर्भशास्त्रज्ञ नव्हता. त्याची पदवी ताऱ्यांची, नोकरी हवेची आणि मन बर्फात. विद्वानांनी त्याला जी वागणूक दिली तिचे निम्मे कारण यातच आहे.

त्याच वर्षी तो डेन्मार्कच्या मोहिमेबरोबर ईशान्य ग्रीनलंडला गेला. तेथे दोन हिवाळे काढले, हवामानाचे पहिले केंद्र उभारले, ध्रुवीय रात्रीत पतंग उडवून नोंदी घेतल्या. या मोहिमेचा नेता मिलियस-एरिक्सन आणि त्याचे दोन सोबती १९०७ च्या अखेरीस परतीच्या वाटेवर उपासमारीने व थंडीने मरण पावले. बर्फ माणसाचे काय करते हे वेगनरने विशीतच जवळून पाहिले. तरीही तो आणखी तीनदा ग्रीनलंडला गेला.

परतल्यावर त्याला मारबुर्ग विद्यापीठात अध्यापनाचे काम मिळाले. पगार बेताचाच होता, पण विद्यार्थी त्याच्यावर खूश असत, कारण अवघड गणित तो सोपे करून सांगे. याच काळात व्लादिमिर कोपेन यांच्या घरी त्याचे येणे-जाणे सुरू झाले. हवामानाच्या वर्गीकरणाची ए, बी, सी ही अक्षरे पाठ करताना आमचे विद्यार्थी ज्यांच्या नावाने बोटे मोडतात तेच हे कोपेन. त्यांची मुलगी एल्से हिच्याशी वेगनरचा विवाह १९१३ साली झाला. त्यांना तीन मुली झाल्या. धाकट्या लोट्टेचा नवरा म्हणजे गिर्यारोहक हाइनरिख हारर. १९३९ साली युद्ध सुरू होताच इंग्रजांनी त्याला हिंदुस्थानात पकडले आणि काही काळ आपल्या अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, छावणीत ठेवले. पुढे डेहराडूनच्या छावणीतून तो तिबेटात पळाला. हे विषयाला सोडून झाले, पण नगरच्या वाचकांना सांगितल्यावाचून राहवले नाही.

मूळ गोष्ट सुरू होते ती १९१० च्या नाताळात. वेगनरच्या एका सहकाऱ्याला भेट म्हणून नवा ॲटलास मिळाला होता. तो चाळता चाळता वेगनरला अटलांटिक महासागराच्या दोन्ही किनाऱ्यांचे साम्य दिसले. हे साम्य पाहणारा तो काही पहिला नव्हे. ऑर्टेलियस नावाच्या नकाशाकाराने सोळाव्या शतकातच त्याची नोंद केली होती. वेगनरने मात्र किनारे जुळतात एवढ्यावर न थांबता समुद्राखाली बुडालेली खंडांची कडही पाहिली, आणि ती तर अधिकच चांगली जुळत होती. पुढच्या वर्षी ग्रंथालयात त्याच्या हाती एक संकलन पडले. ब्राझील आणि आफ्रिका येथे सापडणाऱ्या सारख्याच जीवाश्मांची माहिती त्यात होती. मेसोसॉरस नावाचा एक लहानसा सरपटणारा प्राणी, जो गोड्या किंवा मचूळ पाण्यात राहणारा, तो दोन्हीकडे सापडत होता. त्याने हजारो मैलांचा खारा समुद्र पोहून पार केला असे कोण म्हणेल?

त्या काळच्या विद्वानांकडे याचे एक उत्तर तयार होते. दोन्ही खंडांच्या मध्ये पूर्वी जमिनीचा पूल होता आणि तो नंतर समुद्रात बुडाला, असे ते म्हणत. जेथे जेथे जीवाश्म जुळतील तेथे तेथे एक पूल बांधायचा आणि काम झाले की तो बुडवायचा! वेगनरने या सोयीच्या पुलांवरच बोट ठेवले. खंडांचा खडक हलका असतो, त्याखालचा जड असतो, आणि लाकडाचा ओंडका पाण्यावर तरंगावा तसे खंड त्या जड थरावर तोललेले असतात, ही गोष्ट तोवर मान्य झाली होती. मग हलका खडक जड खडकात बुडेल कसा? पूल बुडाला नसेल तर तो कधी नव्हताच, आणि पूल नव्हता तर खंडेच एकत्र होती. इतका सरळ हा तर्क आहे. तो कोणा भूगर्भशास्त्रज्ञाला आधी सुचू नये याचे मला अजूनही नवल वाटते.

६ जानेवारी १९१२ रोजी फ्रांकफुर्ट येथे भूगर्भशास्त्रज्ञांपुढे आणि चारच दिवसांनी मारबुर्गला त्याने हा विचार मांडला. वय होते एकतीस. कोपेन यांनीसुद्धा या परक्या विषयाच्या फंदात पडू नको असेच त्याला सुचविले होते. पुढे मात्र तेच त्याचे खंदे पाठीराखे झाले.

त्याच्या पुराव्यांपैकी मला सर्वांत जवळचा वाटतो तो बर्फाचा. दक्षिण अमेरिका, दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि भारत या आज उष्ण असलेल्या प्रदेशांत सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वीच्या हिमनद्यांच्या खुणा सापडतात. त्यासाठी फार दूर जायला नको. चंद्रपूरजवळ इरई येथे पैनगंगेच्या खोऱ्यात चुनखडीच्या फरशीवर ओरखडे आहेत. सरकत्या बर्फात अडकलेल्या दगडांनी ते काढले आणि त्यावर गोट्यांचा थर पसरून बर्फ वितळून गेले. जेथे उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेथे कधी हिमनदी वाहत होती, हे ऐकून चंद्रपूरची मुले हसत. वेगनरने हे सारे प्रदेश दक्षिण ध्रुवाभोवती एकत्र आणून ठेवले आणि विखुरलेले ओरखडे एकाच मोठ्या हिमस्तराचे झाले. ज्याने स्वतः हिमनदीवर रात्री काढल्या होत्या त्यालाच हे वाचता आले, असे मला वाटते. ग्लॉसॉप्टेरिस या वनस्पतीच्या पानांचे ठसेही याच सर्व प्रदेशांत मिळतात. आपल्या विदर्भातला कोळसा त्याच जंगलांचा. या जुन्या भूखंडाला गोंडवन हे नाव मिळाले, तेही आपल्या गोंडांच्या प्रदेशावरून.

हा विचार मांडून तो घरी बसला नाही. १९१२ साली कॉख या डॅनिश अधिकाऱ्याबरोबर तो पुन्हा ग्रीनलंडला गेला. चार माणसे आणि आइसलंडची तट्टे. त्यांनी बर्फाच्या पठारावरच हिवाळा काढला. कॉख हिमदरीत पडून त्याचा पाय मोडला, तो बरा होईपर्यंत थांबणे आले. नंतर हजार किलोमीटरहून अधिक अंतर तुडवून ते पश्चिम किनाऱ्याला पोहोचले तेव्हा तट्टे संपली होती, शिधा संपला होता, सोबतचा कुत्राही मारून खाण्याची वेळ आली होती. खाडीतून नावेने जाणाऱ्या एका धर्मोपदेशकाला ते दिसले म्हणून वाचले.

मग महायुद्ध आले. बेल्जियमच्या आघाडीवर तो दोनदा जखमी झाला आणि लढाईला निरुपयोगी ठरून लष्कराच्या हवामान खात्यात गेला. अंथरुणाला खिळून असतानाच्या सक्तीच्या विश्रांतीचा त्याने उपयोग करून घेतला. खंड आणि महासागर यांच्या उत्पत्तीवरचे त्याचे पुस्तक १९१५ साली निघाले. जेमतेम शंभर पानांचे ते पुस्तक युद्धाच्या गोंधळात फारसे कोणाच्या नजरेत भरले नाही. त्यानंतर १९२०, १९२२ आणि १९२९ साली त्याने त्याच्या सुधारलेल्या आवृत्त्या काढल्या. १९२४ साली इंग्रजी भाषांतर आले आणि खरा गदारोळ उडाला.

विरोधकांना नुसते हटवादी म्हणून निकालात काढणे योग्य होणार नाही. त्यांचा मुख्य प्रश्न रास्त होता. खंडे सरकतात तर त्यांना सरकविते कोण? पृथ्वीच्या परिवलनामुळे आणि चंद्र-सूर्याच्या ओढीमुळे, असे वेगनर सांगे. केंब्रिजच्या हॅरल्ड जेफ्रीज यांनी गणित करून दाखविले की या प्रेरणा फारच क्षीण आहेत. शिवाय वेगनरच्या मते खंडे समुद्रतळाला कापत पुढे जात. कठीण खडकातून दुसरा खडक असा कसा जाईल? ग्रीनलंड वर्षाला कित्येक मीटर सरकते असेही तो म्हणे; ती मोजमापाची चूक होती. हिमालयाविषयीही त्याचे उत्तर अर्धेच बरोबर निघाले. आशियाला जोडलेला एक लांबलचक भूभाग दाबला जाऊन घड्या पडल्या असे त्याने मानले. मध्ये टेथिस नावाचा खरा महासागर होता आणि त्याचा तळ आशियाखाली गेला, हे त्याला दिसले नाही. १९२६ साली न्यूयॉर्कला याच विषयावर जी सभा भरली तिच्यात बहुतेकांनी सिद्धांताला नकारच दिला. दक्षिण आफ्रिकेचा दु टॉइट आणि इंग्लंडचा आर्थर होम्स अशी मोजकीच माणसे त्याच्या बाजूने होती. पृथ्वीच्या पोटातील उष्णतेमुळे खडकात अतिमंद प्रवाह फिरत असावेत, हा होम्सचा विचार पुढे फार उपयोगी पडला.

जर्मनीत त्याला प्राध्यापकाची जागा मिळाली नाही. १९२४ साली ऑस्ट्रियातील ग्रात्स विद्यापीठाने ती दिली. तोवर त्याचे वय त्रेचाळीस झाले होते. त्याच वर्षी सासरे-जावयांनी मिळून प्राचीन काळच्या हवामानावर एक ग्रंथ लिहिला.

आता शेवटची मोहीम. ग्रीनलंडच्या मधोमध, किनाऱ्यापासून चारशे किलोमीटर आत, सुमारे तीन हजार मीटर उंचीवर एक केंद्र उभारून तेथे वर्षभर नोंदी घ्यायच्या, असा १९३० चा बेत होता. दुसरे काम बर्फाची जाडी मोजण्याचे. सुरुंग उडवून कृत्रिम भूकंप करायचा आणि त्याच्या लहरी तळाच्या खडकावरून परत यायला किती वेळ लागतो ते टिपायचे. या रीतीने पुढे मधल्या केंद्राखाली अडीच किलोमीटरच्या आसपास बर्फ असल्याचे दिसून आले.

पण बेत पहिल्यापासूनच कोलमडला. किनाऱ्याजवळचा समुद्र गोठलेला राहिल्याने सामान उतरवायलाच पाच-सहा आठवडे उशीर झाला. पंख्याच्या जोरावर चालणाऱ्या मोटार-घसरगाड्या ताज्या बर्फात रुतल्या. मधल्या केंद्रावर गेओर्गी आणि सोर्गे हे दोघे होते. त्यांच्याकडे ना तयार घर पोहोचले, ना पुरेसे इंधन. रसद आली नाही तर २० ऑक्टोबरला आम्ही पायी निघतो, असे त्यांनी कळविले. तसे ते निघाले तर मरणार हे वेगनरला ठाऊक होते. तो मोहिमेचा प्रमुख. सप्टेंबरच्या उत्तरार्धात फ्रिट्झ लोवे, तेरा ग्रीनलंडवासी आणि पंधरा कुत्रागाड्या घेऊन तो स्वतः निघाला. वाटेत हवा इतकी बिघडली की बहुतेक ग्रीनलंडवासी परत फिरले. त्यांना दोष देता येणार नाही. ते बर्फ त्यांच्या ओळखीचे होते. रास्मुस विलुमसेन हा तेवीस वर्षांचा तरुण तेवढा उरला. सामान वाटेतच टाकून द्यावे लागले. चाळीस दिवसांनी, ३० ऑक्टोबरला, हे तिघे केंद्रावर पोहोचले ते जवळजवळ रिकाम्या हातांनी. लोवेच्या पायाची बोटे गोठून मेली होती. ती खिशातल्या चाकूने कापावी लागली.

आणि तेथे गेल्यावर काय कळले? त्या दोघांनी बर्फात गुहा खणून घेतली होती आणि आहे त्यात हिवाळा निभावता येईल असा निर्णय आधीच घेतला होता. म्हणजे ज्या संकटासाठी वेगनर आला ते टळलेलेच होते. मात्र पाच जणांना पुरेल इतके अन्न तेथे नव्हते. लोवे चालू शकत नव्हता. १ नोव्हेंबरला, आपल्या पन्नासाव्या वाढदिवशी, वेगनर आणि रास्मुस दोन गाड्या व सतरा कुत्रे घेऊन किनाऱ्याकडे निघाले.

पुढची गोष्ट वाचताना मी पुस्तक दोनदा खाली ठेवले. मधल्या केंद्रावरच्या तिघांनी धरून चालले की वेगनर सुखरूप किनाऱ्याला पोहोचला. किनाऱ्यावरच्यांनी धरून चालले की तो मधल्या केंद्रावर मुक्कामाला राहिला. मध्ये संदेशाची काही सोय नव्हती. सबंध हिवाळा दोन्हीकडची माणसे निश्चिंत होती. वसंतात शोध सुरू झाला आणि १२ मे १९३१ रोजी, वाटेच्या साधारण मध्यावर, बर्फात रोवलेल्या त्याच्या स्कीच्या खुणेखाली वेगनर सापडला. अंगावर सर्व कपडे व्यवस्थित होते, शव पांघरुणात नीट शिवलेले होते. अतिश्रमाने तंबूत हृदय थांबले असावे असा तर्क आहे. हे सारे करून रास्मुस त्याची रोजनिशी बरोबर घेऊन पुढे गेला, तो कोणालाच सापडला नाही. वेगनरला तेथेच बर्फात ठेवण्यात आले. पुढे लोवे, ज्यू असल्याने, जर्मनी सोडून गेला आणि मेलबर्न विद्यापीठात त्याने हवामानशास्त्राचा विभाग उभा केला. रास्मुसचे नाव आमच्या पाठ्यपुस्तकांत कधी आले नाही.

वेगनरनंतर तीसेक वर्षे त्याचा सिद्धांत बहुतेक ठिकाणी चेष्टेचाच विषय राहिला. मग पुरावा आला तो समुद्राच्या तळातून. मेरी थार्पने काढलेल्या नकाशांत अटलांटिकच्या मध्यावरची पर्वतरांग आणि तिच्या माथ्यावरची खाच दिसली. १९६२ साली हॅरी हेसने सांगितले की तेथे नवा समुद्रतळ तयार होतो व दोन्ही बाजूंना सरकतो. पुढच्याच वर्षी व्हाइन आणि मॅथ्यूज यांनी तळाच्या खडकातील चुंबकत्वाच्या पट्ट्यांवरून त्याची साक्ष काढली. त्याच दशकात अणुचाचण्यांवर पाळत ठेवण्यासाठी जगभर एकसारखी भूकंपलेखक यंत्रे बसविली गेली. पुण्यातही त्यांतले एक होते. त्यांच्या नोंदी नकाशावर मांडल्यावर भूकंपांनी स्वतःच पृथ्वीच्या कवचाचे तुकडे आखून दिले. सरकतात ती नुसती खंडे नव्हेत, खंड आणि समुद्रतळ मिळून झालेले भूपट्ट सरकतात, हे १९६८ पर्यंत बहुतेकांना पटले. वेग मीटरात नव्हे, सेंटिमीटरात. भारताचा पट्ट आजही वर्षाला चार-पाच सेंटिमीटर वेगाने आशियात घुसतो आहे. आपली नखे वाढतात जवळजवळ त्याच गतीने.

येथे माझी गोष्ट येते. हे सर्व मी वर्गात शिकवीत होतो. भूकंप व्हायचे ते पट्टांच्या कडांवर, म्हणजे हिमालयात, जपानात, चिलीत. आपले दख्खनचे पठार मात्र पट्टाच्या आत, प्राचीन आणि भक्कम, असेही त्याच दमात सांगत होतो. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप मी विसरलो नव्हतो; तो धरणाच्या पाण्यामुळे झाला, धरणापासून दूर असलेल्यांनी घाबरण्याचे कारण नाही, असे त्याचे उत्तर मजजवळ होते. जमिनीचे पूल बांधणारे विद्वान आणि मी यांत फारसा फरक नव्हता.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चार वाजण्याच्या सुमारास किल्लारीला भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून लोक गाढ झोपले होते. साडेनऊ हजारांहून अधिक माणसे गेली. भूकंपाची तीव्रता ६.२ ते ६.४, म्हणजे जगाच्या मानाने मध्यमच. पण केंद्र उथळ होते आणि घरे मातीत रचलेल्या जाडजूड दगडी भिंतींची, वर मातीच्या थरांचे जड माळवद. एरवी उन्हाळ्यात थंडावा देणारे ते छप्पर त्या पहाटे अंगावर आले. १९९२ च्या ऑक्टोबरात तेथे धक्के बसले होते. त्या वेळच्या भूकंपप्रवणतेच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. २००२ साली तो पहिला विभागच नकाशातून काढून टाकण्यात आला. उत्तरेकडे हिमालयापाशी जो रेटा आहे त्याचा ताण पट्टाच्या पोटातही साठतो आणि एखाद्या जुन्या प्रस्तरभंगावर मोकळा होतो, हे आता आम्ही शिकवितो.

माझ्या प्रथम वर्षाच्या वर्गात उमरगा तालुक्यातील एक मुलगा होता. दिवाळीच्या सुटीनंतर तो परत आला. घर पडले होते, आजी आणि एक चुलत बहीण गेली होती. तास संपल्यावर तो टेबलाजवळ आला आणि वही उघडून माझ्यापुढे धरली. ऑगस्टमध्ये मी सांगितलेली टीप होती. दख्खनचे पठार स्थिर असून येथे मोठ्या भूकंपाची भीती नाही, असे त्याने सुवाच्य अक्षरात उतरवून घेतले होते, खाली रेघही मारली होती. त्याच्या आवाजात राग नव्हता. ही टीप परीक्षेला लिहायची की नाही, एवढेच त्याने मला विचारले.

मी ती खोडायला सांगितली. त्याहून अधिक काही मला बोलता आले नाही.

जानेवारीपासून मी प्रात्यक्षिकात एक भर घातली. ब्राझील आणि आफ्रिका जुळवून झाली की भारताचाही तुकडा कापून आशियाला टेकवायचा. आणि मग दुसऱ्या कागदावर प्रत्येकाने आपापल्या घराचा उभा छेद काढायचा. भिंत कशाची, ती कशात रचलेली, वर छप्पर कशाचे आणि किती जड. निवृत्त होईपर्यंत हे मी करून घेत होतो. पहिल्या वर्षी त्या मुलाने काढून दिलेले चित्र पत्र्याच्या शेडचे होते.